गेमिंग लॅपटॉप कसा उचलावा

साहित्य: एक पाठ, दोन धडधाकट खांदे, खर्चापुरते वडील आणि ओळखीचा रद्दीवाला.

आधी घरी ‘अभ्यासाला लागतो’ असं सांगून घ्यावं. ‘कोडिंग’ हा शब्द दोनदा आला की पुरतो.

मग दुकानात जावं, पण लॅपटॉप उचलून ‘हलका आहे की!’ असं म्हणू नये. दुकानात सगळेच हलके असतात, कारण अडॅप्टर खोक्यात असतो आणि पत्रकातलं वजनही बहुधा त्याला वगळूनच छापतात. मी माझा लॅपटॉप रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवला. नुसता 2 किलो 400 ग्रॅम. अडॅप्टर नावाची वीट 850 ग्रॅम. एकूण सव्वातीन किलो. रद्दीवाल्यानं वजन सांगितलं आणि सवयीनं भावही सांगून टाकला.

आता वॅट. इथे नवशिके हमखास फसतात. लॅपटॉपमधलं आरटीएक्स 4060 हे ग्राफिक्स कार्ड 35 वॅटपासून 115 वॅटपर्यंत कितीवरही चालवलेलं असू शकतं. खोक्यावर नाव तेच! वॅट वाढले की उष्णता वाढते. ती बाहेर काढायला तांब्याच्या नळ्या, पंखे आणि मोकळी जागा लागते, म्हणजेच वजन लागतं. सडपातळ लॅपटॉपला ही उष्णता पेलत नाही, म्हणून त्याला मुळातच कमी वॅट देतात, आणि तरी तापला तर तो आपणहून वेग कमी करतो. ऐन लढाईत तुमचा योद्धा पाण्यात चालल्यासारखा चालू लागला, तर समजावं, त्याला उकडतंय.

उलट टोकही बघून ठेवावं. 2017 साली एसरनं प्रीडेटर 21 एक्स विकायला काढला: 21 इंची वक्र पडदा, आठ किलोंहून अधिक वजन, दोन अडॅप्टर. लॅप म्हणजे मांडी. त्याला लॅपटॉप म्हणणाऱ्याच्या मांड्या मला एकदा पाहायच्या आहेत.

बॅटरीचं गणित तोंडी करावं. विमानात विनापरवाना 100 वॅट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते, म्हणून दांडगे लॅपटॉपही 99 च्या आसपास थांबतात. खेळताना 150 वॅट खाल्ले, तर 90 वॅट-अवरची बॅटरी 36 मिनिटांत आडवी. प्रत्यक्षात प्लग काढताच लॅपटॉप स्वतःच हात आखडता घेतो. बॅटरी टिकते थोडी जास्त, पण खेळ रडतखडत. तेव्हा लॅपटॉप ‘नेता येतो’ याचा अर्थ एका सॉकेटपासून दुसऱ्या सॉकेटपर्यंत नेता येतो, एवढाच.

दीड-पावणेदोन किलोंचे, 14 इंची, बऱ्यापैकी ताकदीचेही मिळतात. त्यासाठी मात्र दुसरे वडील लागतील.

रोज लोकलनं जाणाऱ्यांनी हलकाच घ्यावा. बाकीच्यांनी गेल्या महिन्यात आपण कितीदा घराबाहेर बसून खेळलो, ते खरं मोजावं. मी मोजलं नाही. माझा लॅपटॉप टेबलावर दोन जुन्या शब्दकोशांवर बसवलाय, खालून हवा खेळावी म्हणून. सोबत फुकट मिळालेली सॅक आई मंडईत नेते. बटाट्यांसाठी उत्तम आहे म्हणते, सव्वातीन किलो सहज मावतात.