भावी मालक

कळंबोलीच्या लोखंड बाजारात आपल्या शेठची गाडी रांगेत लावून जो माणूस बाकी सगळ्यांच्या गाड्या निरखत हिंडतो, तो भावी मालक. दहा-बारा वर्षं दुसऱ्याचा ट्रेलर चालवून एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसलेली असते: या धंद्यात कष्ट ड्रायव्हरचे आणि पैसा मालकाचा. आपणच मालक झालो तर दोन्ही एकाच घरात. हिशोब इतका सोपा, की तो कागदावर मांडायची त्याला कधी गरजच वाटत नाही.

त्याची ओळखायची खूण म्हणजे तो आकड्यांत बोलतो. ‘चाळीस-अठरा बरी का पंचावन्न-तीस?’ असं तो चहावाल्यालाही विचारतो. गाडीच्या नावातले पहिले दोन आकडे टनांचे आणि पुढचे दोन हॉर्सपॉवरचे. त्यापुढचं शून्य ज्याचं त्याने लावून घ्यायचं. ४०१८ म्हणजे चाळीस टन, एकशेऐंशी हॉर्सपॉवर. ५५३० म्हणजे पंचावन्न टन आणि तीनशे. अठरा टायर की बावीस, पाटे किती, क्लच कुणाचा, सगळं तोंडपाठ. धाकटा कितवीत आहे ते मात्र घरी फोन करून विचारतो.

गाडी अजून ठरलेली नसते, पण काचेवर काय लिहायचं ते ठरलेलं असतं. ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ पक्कं होतं. पण डाउन पेमेंटला सासऱ्यांनी हात दिला, तेव्हापासून हा विषय घरात जरा नाजूक झाला आहे.

मग सुरू होतात सल्ले. गाडी नवी घ्यावी की जुनी, यावर कळंबोलीत दोन पंथ आहेत. जुनीवाले म्हणतात, २०२०च्या आधीची घे. बीएस-सिक्सच्या भानगडीत पडू नकोस. जुन्या गाडीचा सेन्सर रुसत नाही, रस्त्यात बंद पडली तर पाना-हातोडीवाला कुठल्याही नाक्यावर भेटतो. नव्या गाडीचा एक दिवा पेटला की लॅपटॉपवाला येईपर्यंत ढाब्यावर मुक्काम. नवीवाले म्हणतात, जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याने पैसे घेऊन दिलेली डोकेदुखी. आठ वर्षं झाली की दरवर्षी फिटनेस, दर महिन्याला गॅरेज. दोन्ही पंथांतल्या मंडळींनी स्वतः कधी सायकलच्या पुढे काही विकत घेतलेलं नसतं. ज्यांच्या नावावर खरोखर गाडी आहे ते सल्ला देत नाहीत. ते त्याला जरा बाजूला घेतात आणि हळूच विचारतात, ‘माझीच घेतोस का?’

जुनी गाडी बघायला तो एकटा जात नाही. बरोबर फिटर, चुलत भाऊ आणि ‘मला यातलं कळत नाही, पण’ असं म्हणून सगळ्यांत जास्त बोलणारा एक मित्र असतो. त्याचे आजोबा बैलाच्या बाजारात जनावराचं तोंड उघडून दात बघायचे; हा चाकाशेजारी उकिडवा बसून टायरच्या नक्षीत नख घालतो. बाहेरून दिसणारे टायर कोरे करकरीत, आतल्या जोडीचे गुळगुळीत. मालक म्हणतो, ‘टायर सगळे आत्ताच टाकलेत.’ फिटर काहीच बोलत नाही. तो इंजिन चालू करायला लावतो, डिपस्टिक उपसतो आणि त्या भोकावर तळहात धरतो. भसभस धूर बोटांतून वर येतो. ‘रिंगा गेल्या,’ एवढंच म्हणून तो गाडीखाली शिरतो. चासीचा काळा रंग अजून हाताला लागतोय. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडल्यावर रंगाखालून वेल्डिंगचा लांबलचक टाका निघतो. ‘दिवाळीला रंगवली हो,’ असं मालक सांगत असतो तेव्हा आषाढ चालू असतो.

अशा चार गाड्या झाल्या, की तो शोरूमची पायरी चढतो. आणि इथेच निकाल लागतो. गाडी चांगली असते हे खरं. २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. ज्याने मे महिन्यात नगर रोडवर इंजिनाच्या धगीशेजारी ओला पंचा मानेवर टाकून दिवस काढले, त्याला ही थंडगार हवा म्हणजे सासरचा पाहुणचार वाटते. पण त्याला विकत घेते ती दुसरीच गोष्ट. बारा वर्षं गेटवर, काट्यावर, टोलवर, पोलिसाच्या शिटीमागून त्याने ‘ए ड्रायव्हर’ एवढंच ऐकलेलं. टाय लावलेला पोरगा खुर्ची ओढून विचारतो, ‘सर, चहा की कॉफी?’ तिथे चाळीस-अठरा, पंचावन्न-तीस, दोन्ही पंथ आणि फिटरचा तळहात सगळं विरघळतं.

शेजारच्या टेबलावर फायनान्सवाला बसलेला असतोच. तो गाडीची किंमत कधी सांगत नाही. तो फक्त विचारतो, ‘हप्ता किती झेपेल?’ भावी मालक मनात गणित करतो. न्हावा-शेवा ते अहमदाबाद, जाऊन-येऊन अकराशे किलोमीटर. साडेतीनचं ॲव्हरेज धरलं तर ३१४ लिटर. नव्वद रुपयांनी डिझेलच अठ्ठावीस हजारांवर. टोल, जेवण, वजनकाटा. उरतं की! या गणितात पाऊस नसतो, बंदराच्या गेटवरची रांग नसते, बॅलन्स भाडं पोच पावतीसाठी अडवून ठेवणारा ट्रान्सपोर्टवाला नसतो. परतीचं भाडं मात्र प्रत्येक वेळी त्याच संध्याकाळी, भरघोस आणि थेट कळंबोलीपर्यंतचं मिळतं. शिवाय एवढं सगळं होऊन जे हातात येतं तो नुसता घोडा, म्हणजे पुढची ओढणारी गाडी. मागच्या चाळीस फुटी ट्रेलरचे पैसे वेगळे, त्याची आरसी वेगळी, टायर वेगळे. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. बारा वर्षं तेच ओढलंय. पण घोड्यावर मन बसलं की मागे काय आहे ते आरशातही दिसत नाही.

गाडी येते. पूजा होते, लिंबू-मिरची लागते, सासरे काचेकडे बघून गप्प राहतात. आता ड्रायव्हर ठेवायचा. एकेक जण येतो आणि मालकासमोर अंग चोरून उभा राहतो. पण मालकाला सगळंच माहीत. कुठल्या ढाब्यामागे डिझेल उतरतं, पंक्चरच्या एकाच्या दोन पावत्या कशा होतात, गावी जत्रेत उभं राहून फोनवर ‘शेठ, गाडी लाईनीत लागलीय’ कसं म्हणायचं, या विद्येत तो स्वतः पारंगत. त्यामुळे एकही ड्रायव्हर त्याला पटत नाही. शेवटी त्यातल्या त्यात कमी लबाड म्हणून तो स्वतःलाच कामावर ठेवतो. पहिल्याच खेपेला भत्त्यावरून वाद होतो. ड्रायव्हर म्हणून त्याला हजार कमी वाटतात, मालक म्हणून सातशे जास्त. तडजोड म्हणून तो वडापाव खातो.

मग एका रात्री चारोटीच्या अलीकडे आतला टायर फुटतो. माल भरलेला, पाऊस पडतोय, मोबाइलला रेंज नाही. बारा वर्षं असल्या वेळी त्याचं एकच औषध होतं: जॅक लावता लावता मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार. कंजूष, रिमोल्ड टायर टाकणारा, घरी गादीत लोळणारा. टायर बदलून होईपर्यंत मन कसं हलकं व्हायचं. सवयीने तो आजही तोंड उघडतो, पहिली शिवी ओठावर येते आणि तिथेच अडकते. शिव्या घालायचा तो हक्क पगाराखेरीजचा होता आणि पगारापेक्षा जास्त उपयोगी होता. मालक झाल्या दिवशी तो गेला, आणि फायनान्सवाल्याने हप्ता काढताना तो धरलाच नव्हता.