दुकान नसलेली बाई

टांझानियात भारतीय माणूस दिसला की ओळख झाल्यावर लगेच प्रश्न येतो, ‘तुमचं दुकान कुठे?’ यात त्यांचं काही चुकत नाही. आपल्या गुजराती बांधवांनी पूर्व आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या इतक्या निष्ठेने गल्ले सांभाळलेत, की गल्ल्यामागे न बसलेला भारतीय इथल्या लोकांना अपुरा वाटतो. इथल्या मोशी शहराच्या बाजारात मी सांगायचे, ‘दुकान नाही, शाळेत शिकवायला आलेय.’ बरं, मग नवऱ्याचं? नाही. भावाचं तरी? भाऊ सांगलीत बँकेत होता, तोही आता निवृत्त. यावर भाजीवालीच्या चेहऱ्यावर जी कणव उमटली, ती पाहून मी ओळखलं, की आमचं दुकान बुडालं असं तिने मनाशी पक्कं केलंय. त्या दिवसापासून टोमॅटोच्या वाट्यात माझ्यासाठी एक जास्तीचा पडू लागला.

शाळेत याहून कठीण प्रसंग होता. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी पगार विचारला. म्हटलं, ‘पगार नाही, सेवा म्हणून आलेय. विमानाचं भाडंही माझंच.’ खोलीत शांतता पसरली. स्वतःच्या पैशाने येऊन फुकट राबणाऱ्या बाईकडे गणित सोपवावं का, हा विचार प्रत्येकाच्या कपाळावर वाचता येत होता. सोपवलं शेवटी. दुसरं कुणी नव्हतं.

बाकी शिक्षकाला इथे मान फार. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे मुळात शिक्षक. सारा देश त्यांना ‘म्वालिमू’ म्हणजे गुरुजीच म्हणतो. राज्यकारभार चालवता चालवता या गृहस्थांनी शेक्सपिअरची दोन नाटकं स्वाहिलीत आणली. आमच्याकडे मुख्याध्यापकांना शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीतून मान वर करायला फुरसत नसते, हे आठवून मी हळहळले.

पण त्या मानाची किंमत वेळेत मोजावी लागते. घरापासून शाळेची वाट केळी-कॉफीच्या बागांतून चढत जाते. दहा मिनिटांची असावी. वाटेत भेटणारं प्रत्येक पोर थांबून ‘शिकामू’ म्हणतं. वडीलधाऱ्यांना करायचा हा नमस्कार. त्याला ‘माराहबा’ म्हणायचं, आणि प्रत्येकाला वेगळं म्हणायचं. घोळक्याला मिळून एकच माराहबा टाकून पुढे सटकलात, तर उरलेली पोरं आपापला वसूल करायला मागे येतात. मोठी माणसं भेटली तर त्याहून बिकट. घरचं कसं, कामाचं कसं, सकाळ कशी, झोप कशी, अशी चौकशी होते, आणि प्रत्येक प्रश्नाला आधी ‘छान’ म्हणावं लागतं. छान-छान संपल्यावरच काल शेळी मेली, छप्पर उडालं, या गोष्टी निघतात. सांगलीला आम्ही थेट शेळीपासून सुरुवात करतो.

त्यात वेळेची गंमत निराळीच. इथला दिवस सूर्याबरोबर सुरू होतो, त्यामुळे आपले सकाळचे सात म्हणजे यांचा एक. शाळा दीड वाजता भरते! मनगटावरच्या घड्याळात काटा आपल्यासारखाच सातावर असतो. माणूस त्याच्या समोरचा आकडा वाचतो आणि निवांतपणे ‘एक वाजला’ म्हणतो. विषुववृत्त जवळ, सूर्य बारा महिने जवळपास ठरल्या वेळी उगवतो, तेव्हा हिशेब अगदी चोख आहे. मध्यरात्री तारीख बदलणं माझ्या सासूबाईंना कधीच पटलं नाही. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, मग बाकीच्यांना एवढी घाई कसली, असं त्या म्हणायच्या. त्या इथे सुखाने राहिल्या असत्या.

वर्गात मात्र मला घरी आल्यासारखं वाटलं. प्राथमिक शाळा सगळी स्वाहिलीतून आणि माध्यमिकला एकदम इंग्रजी. कालपर्यंत ज्या मुलाशी त्रिकोण प्रेमाने बोलत होता, तो आज त्याला परका. मराठी शाळेतून अकरावी सायन्सला गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. ‘समजलं का?’ म्हटलं की सगळा वर्ग उभा राहून सुरात ‘येस, टीचर!’ असा होकार देतो. ‘हो बाऽऽई’ ऐकण्यात जन्म गेल्यामुळे या होकाराचा अर्थ मला अचूक ठाऊक होता. मग मी पहिल्या बाकावरच्या एका मुलीला पुढे बोलावलं. मी फळ्यावर आकृती काढायची आणि तिने स्वाहिलीत सांगायचं, असं ठरलं. ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते, हे वर्गाच्या लगेच लक्षात आलं. आता शंका तिलाच विचारतात. मला खडू आणायला पाठवतात.

सुट्टीच्या दिवसांत युरोपातून तरुण स्वयंसेवकांच्या तुकड्या येतात. शाळेची भिंत रंगवतात, मुलांबरोबर फोटो काढतात आणि किलिमांजारो चढायला जातात. पुढची तुकडी तीच भिंत दुसऱ्या रंगात रंगवते. माझ्या मते ती भिंत आता निव्वळ रंगावर उभी असावी. ‘तुम्ही डोंगर कधी चढणार?’ असं मलाही विचारतात. ५,८९५ मीटर! माझे गुडघे शाळेच्या चढालाच राजीनामा देतात. शिवाय डोंगर सकाळ-संध्याकाळ ढगांतून डोकं काढून स्वतःच दर्शन देतो. पंढरपूरला यापेक्षा जास्त वेळ रांगेत उभी राहिलेय.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी नाचणीची पेज, दुपारी मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली, राजमा आणि माठाची भाजी. मांस खात नाही म्हटल्यावर शेजारणीने समजूतदारपणे मान हलवली आणि कोंबडी वाढली. तिच्या चपात्या जाड, पापुद्र्यांच्या, तेलात भाजलेल्या असतात, आणि चपाती ही आपलीच, असं ती मानते. एका रविवारी मला राहवलं नाही. म्हटलं, आज माझ्या हातची खा. सगळं कसब पणाला लावून घडीच्या पोळ्या लाटल्या. तव्यावर टम्म फुगल्या. पातळ अशा, की पलीकडचा केळीचा बाग दिसावा. शेजारणीने एक पोळी उजेडासमोर धरली, उलटसुलट पाहिली, दोन घासांत संपवली आणि ‘छान’ म्हणाली. मग झोप कशी झाली, घरचं कसं, हे विचारून झालं. काही वेळाने आवाज उतरवून तिने विचारलं, ‘पीठ संपलं होतं का?’

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मुलगा दोन किलो मैदा घेऊन दारात उभा होता. शिकामू म्हणाला. मी माराहबा म्हटलं आणि पिशवी घेतली.