वसुलीवाल्याची गर्दी

एल. एस. लाउरीचं चित्र ओळखायला चित्रकलेतलं काही कळावं लागत नाही. 1930 सालचं ‘कमिंग फ्रॉम द मिल’ घ्या. मँचेस्टरला खेटून असलेलं सॅलफर्ड, धुराडी, मळकट पांढरं आभाळ. भोंगा झालाय आणि गिरणी सुटलीय. माणसं काडीएवढी, पण पायातले बूट ऐसपैस. सगळी पुढे झुकलेली, सावली कुणालाच नाही. लाउरीच्या गर्दीत कुठेतरी एखादं मरतुकडं कुत्रं हटकून सापडतं, आणि निवांत असं मला तेवढंच वाटतं.

ही माणसं नव्हेत, बाहुल्या आहेत, असं नाक मुरडणारे तेव्हाही होते. मला वेगळीच शंका येते. लाउरी चाळीसेक वर्षं एका मालमत्ता कंपनीचं भाडं वसूल करत दारोदार हिंडला आणि 1952 मध्ये, 65व्या वर्षी, रीतसर निवृत्त झाला. ‘रविवारचा चित्रकार’ असा शिक्का बसू नये म्हणून ही नोकरी त्याने लपवूनच ठेवली. आता गल्लीच्या तोंडाशी वसुलीवाला दिसला की भाडं थकलेला माणूस काय करतो? मान खाली, पाय झपझप, नजरेला नजर नाही. ज्याला माणूस जन्मभर असाच दिसला, त्याच्या कुंचल्यातून दुसरा कसा उतरणार?

चित्रं काढायची ती रात्री, अंथरुणाला खिळलेली आई झोपली की. रंग पाचच: काळा, शेंदरी, निळा, पिवळा, पांढरा. पांढऱ्यावर भारी जीव. एका फळीवर त्याचे थर देऊन ती त्याने काही वर्षं बंद करून ठेवली, रंग मुरल्यावर कसा दिसतो ते बघायला. इतका धीर चित्रकाराचा की थकबाकीची वाट बघणाऱ्या कारकुनाचा, कोण जाणे!

बोल्टनच्या फुटबॉल मैदानाकडे लोटलेली त्याची 1953 सालची गर्दी 2022 मध्ये 78 लाख पौंडांना गेली. त्याला स्वतःला मानमरातबाचं वावडंच होतं. 1968 मध्ये सर ही पदवीही नाकारली. म्हातारपणी लोक दार ठोठावू लागले, तेव्हा साहेबांनी थेट भाडेकरूंचीच युक्ती उचलली. दाराशी बॅग भरून ठेवायची आणि म्हणायचं, ‘अरेरे, आत्ताच गावाला निघालोय!’ सांगतात की एकदा एक भला तरुण बॅग उचलून त्याला थेट स्टेशनवरच घेऊन गेला. लाउरीला मुकाट्याने पुढच्या स्टेशनचं तिकीट काढावं लागलं.