आधी नाव, मग चावी

शिरूर आणि दौंड तालुक्यांत जुनी चारचाकी ज्या रीतीने विकली जाते, ती रीत मोडली पाहिजे. गाडी बघायची, न्हावरा फाट्यापर्यंत एक चक्कर मारायची, इसार द्यायचा, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करायची आणि चावी घेऊन घरी यायचं. आरसीवर नाव जुन्याचंच. "पाव्हणं, घरातलीच गाडी आहे, नावाचं सावकाश बघू." हे सावकाश दोन दोन वर्षं चालतं. मग घेणारा तीच गाडी तिसऱ्याला देतो, पुन्हा नोटरीवर. गाडी तीन गावं फिरते, नाव मात्र पहिल्याच माणसाचं राहतं.

त्या पहिल्या माणसाला सांगायला हवं की त्याच्या मानेवर काय टांगलेलं आहे. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या अशाच गाडीचा निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी गेलेली, नाव बदललेलं नाही, अपघातात एका मुलाचा जीव गेलेला. भरपाई कोणी द्यायची? न्यायालयाचं उत्तर सरळ होतं: नोंदणीत ज्याचं नाव, कायद्याने तो मालक, आणि भरपाई त्याची. गाडी विकल्याचं त्याचं म्हणणं त्याला वाचवू शकलं नाही. नोटरीचा कागद दोघांमधल्या व्यवहाराचा पुरावा असेल, पण आरटीओच्या दप्तरात त्याने काहीच हलत नाही. आपल्याकडे काष्टीच्या बाजारात बैलाचे दात मोजणारा शेतकरी लाखोंची गाडी घेताना आरसी उघडून पाहत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोणती गाडी घ्यायची हा प्रश्न सगळे विचारतात. घ्यायचीच का, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर दोन्ही गावांत वेगळं आहे. दौंड जंक्शन आहे. पुण्याला रोज कामाला जाणाऱ्याला रेल्वे आहे. पुणे-दौंड मार्गाचं विद्युतीकरण २०१७ मध्ये झालं आणि १ एप्रिल २०२४ पासून दौंड पुणे विभागात आलं. गाड्यांच्या वेळा आणि गर्दी यांबद्दल दौंडकरांची तक्रार रास्त आहे, पण रोजच्या जाण्यासाठी कर्ज काढून गाडी घेणं हा तिच्यावरचा उपाय नव्हे. दौंडच्या घराला गाडी लागते ती लग्नकार्याला, दवाखान्याला, कुरकुंभ-पाटसच्या कामाला. एवढ्या वापराला छोटी पेट्रोल गाडी पुरते.

शिरूरला रूळ नाहीत. पुणे-नगर रस्ता हाच आधार, आणि शिक्रापूर-वाघोलीची कोंडी काय असते ते ज्याचं पेशंट गाडीत झोपलेलं असतं त्याला विचारा. शिरूरच्या घराला गाडीची गरज जास्त आहे हे मी मान्य करतो. म्हणूनच तिथे फसवणूकही जास्त खपते.

डिझेलबद्दल स्पष्ट बोलू. या भागाला डिझेलचं प्रेम आहे आणि त्याला कारणही आहे. रांजणगावच्या एमआयडीसीत फियाट इंडियाच्या कारखान्यात १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन बनायचं. पुंटो, लिनिया, टाटा व्हिस्टा, मान्झा या गाड्यांत ते होतं, आणि त्याच घराण्याचं इंजिन मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, अर्टिगात. गावोगावच्या फिटरला ते तोंडपाठ आहे. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या बनवणं थांबवलं. म्हणजे आज बाजारात दिसणारी मारुतीची सगळ्यात 'नवी' डिझेलही २०२० च्या एप्रिलआधीची आहे. खासगी गाडीचं पासिंग पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षांचं. २०१२ ची डिझायर घेणाऱ्याने २०२७ चा खर्च आत्ताच धरावा. पासिंग पुढे पाच वर्षांसाठी वाढतं, पण १ एप्रिल २०२२ पासून कारच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, वर पर्यावरण कर, वर पास होण्यासाठी करावं लागणारं काम. वर्षाला दहा हजार किलोमीटर न चालवणाऱ्याने डिझेल घेऊच नये. बीएस-६ डिझेल तर गावातल्या गावात फिरवली की तिचा धुराचा फिल्टर तुंबतो.

मग पेट्रोल. इंधनात आता इथेनॉलचा २० टक्के वाटा आहे. त्यासाठी न बनलेल्या जुन्या गाड्यांचं मायलेज ३ ते ६ टक्क्यांनी घटू शकतं आणि काही रबरी भाग, गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे केंद्र सरकारनेच सांगितलं आहे. हा खर्च सोसण्यासारखा आहे. घाबरून पळण्यासारखा नाही. सीएनजी घेत असाल तर दोन गोष्टी पाहा: किटची नोंद आरसीत आहे का, आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे का. नोंद नसलेलं किट म्हणजे विमा कंपनीच्या हातात दिलेलं कारण.

अर्टिगा घेताना दुप्पट सावध राहा. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कंपन्यांत कामगारांची ने-आण करणाऱ्या गाड्या तिन्ही पाळ्यांत पळतात. पिवळी पाटी काढून पांढरी लावली, किलोमीटर मागे घेतले, सीट कव्हर नवी टाकली की तीच गाडी 'फॅमिली वापर' म्हणून उभी राहते. आरसीवर आणि एमपरिवहन ॲपवर नोंदणीचा वर्ग, मालकाचा क्रमांक, बोजा, चलन सगळं दिसतं. सर्व्हिसचे किलोमीटर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नंबरावरून कळतात. स्टिअरिंगचं आणि ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असेल, तर मीटरवरचे चाळीस हजार खोटे आहेत.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते, कारण दिल्ली परिसरात डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा आली आणि तिथली किंमत पडली. गाडी वाईटच असते असं नाही. पण तिकडच्या आरटीओची एनओसी, इथली नव्याने नोंदणी आणि इथला रोड टॅक्स हे तिन्ही होईपर्यंत ती गाडी तुमची नाही. त्या करासकट किंमत मोजा. मग ती बहुतेक वेळा स्वस्त उरत नाही.

आता विकणाऱ्या डीलरकडे वळू. रस्त्याच्या कडेला पंधरा गाड्या लावून बसलेल्या माणसाला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. गाडी त्याच्या ताब्यात आली की मालकाने ऑनलाइन कळवायचं आणि पुढची जबाबदारी डीलरची. नियम चांगला आहे. आपण तो विचारतच नाही. पुढच्या वेळी भाव विचारण्याआधी प्रमाणपत्र मागा. नसेल तर उठा.

विम्याचंही तेच. 'इन्शुरन्स चालू आहे' हे वाक्य अर्धं खरं असतं. समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं; तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तसं येत नाही. विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवसांत अर्ज लागतो. तो न करता गाडी घोड नदीच्या पुलावर ठोकली, तर दावा नाकारला जाऊ शकतो. नो-क्लेम बोनस विकणाऱ्याचा असतो, त्यामुळे हप्ता वाढणार हेही धरून चाला.

माझा सल्ला कोणाला कडू लागला तरी चालेल. दौंडच्या घराने पेट्रोल किंवा कंपनीचं सीएनजी असलेली वॅगनआर, शिरूरच्या घराने माणसं पाच असतील तर स्विफ्ट किंवा डिझायर पेट्रोल, सात असतील तरच अर्टिगा. आणि कोणतीही घेतली तरी २०१७ च्या आतली नको. गावातला ओळखीचा फिटर नव्हे, तर विकणाऱ्याला न ओळखणारा फिटर घेऊन जा, गाडी लिफ्टवर चढवा, त्याची मजुरी हसत द्या.

आणि पैसे एकदम मोजू नका. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी एचएसआरपी पाटी विकणाऱ्याकडूनच लावून घ्या. तिच्याशिवाय नाव चढत नाही. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात येऊ द्या. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या एकाच दिवशी, आरटीओचं काम एकाच दिवशी: दौंडकरांना बारामती, शिरूरकरांना पुणे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. शेवटचे पंचवीस हजार हातात ठेवा आणि आरसीवर तुमचं नाव दिसेल त्या दिवशी द्या. याला नाही म्हणणाऱ्याची गाडी घेऊ नका, मग तो सख्खा मेहुणा का असेना.