पहिल्या आठवड्याचे मानकरी

पालखीला जसे मानकरी असतात, तसे आमचे दाजी नव्या हॉटेलांचे मानकरी आहेत. पालखीच्या मानकऱ्याला गाव मान देतं. दाजींनी तो स्वतःच घेतलेला आहे. कर्वेनगरपासून बाणेरपर्यंत कुठेही नवं हॉटेल उघडलं आणि पहिल्या आठ दिवसांत दाजी तिथे जेवून आले नाहीत, असं गेल्या वीस वर्षांत एकदाच झालं. तेव्हा त्यांना कावीळ झाली होती. त्या हॉटेलवरून आजही जायची वेळ आली की ते मान फिरवतात.

हॉटेल उघडायच्या आधी त्यांना कळतं कसं, याचं मला फार दिवस कोडं होतं. मग एकदा त्यांच्यासोबत फिरायला गेलो. रिकाम्या गाळ्यापाशी दाजी थांबले, मागच्या बोळात शिरले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "पत्र्याचं धुराडं चढलंय. एवढं जाड म्हणजे तंदूर नाहीतर चायनीज. बारीक असतं तर केकवाला." पुढच्या दारी वॉचमनला तंबाखू देऊन त्यांनी उरलेली माहिती काढली. चौकशी किती? मालक कुठला, आधी काय करायचा, भागीदार सख्खा की चुलत, इथपर्यंत. दाजींच्या मते भागीदार सख्खा भाऊ असेल तर ते हॉटेल दोन वर्षांत बंद पडतं.

पहिल्याच आठवड्यात का, याचंही त्यांच्याकडे शास्त्र आहे. "पहिल्या आठवड्यात मालक गल्ल्यावर असतो, आचारी घाबरलेला असतो आणि कढईतलं तेल कोरं असतं. या तीन गोष्टी पुन्हा एकत्र येत नाहीत. दुसऱ्या महिन्यात वाटी लहान होते, तिसऱ्या महिन्यात कांद्याचे पैसे लावतात."

मला बरीच वर्षं वाटायचं, दाजी खाण्याचे शौकीन आहेत. तसं काही नाही. घरी ते दोन पोळ्या, भाजी आणि ताक यांवर खूश असतात. त्यांचं खरं पीक तीन-चार वर्षांनी हातात येतं. ते हॉटेल गाजतं, बाहेर रांग लागते, नाव लिहून तासभर ताटकळावं लागतं, आणि कुठल्यातरी बारशाला कोणीतरी कौतुकानं सांगतं की आम्ही काल तिथे जाऊन आलो. दाजी बडीशेप चघळत शांतपणे म्हणतात, "आत्ता गेलात होय? आता काय राहिलंय तिथे. आम्ही गेलो होतो तेव्हा चव होती." लोक जसे गावाबाहेर स्वस्तात प्लॉट घेऊन ठेवतात, तसे दाजी 'पूर्वीचं राहिलं नाही' म्हणण्याचे हक्क पहिल्या आठवड्यात घेऊन ठेवतात. शहराच्या निम्म्या हॉटेलांवर आज त्यांचा असा सातबारा आहे.

तर गेल्या श्रावणाआधी त्यांचा फोन आला. "शनिवारी मोकळा आहेस ना? बाणेरला चायनीज उघडलंय. गाडीवरचं नव्हे. अस्सल."

गाडीवरचं दाजींनी पुष्कळ खाल्लेलं आहे. साताऱ्याहून शिकायला पुण्यात आले तेव्हा आणि पुढे नोकरीतसुद्धा, संध्याकाळी लाल रंगाच्या गाडीपाशी उभं राहून. त्या गाडीवर ड्रॅगन असायचा. ज्या पेंटरनं आयुष्यभर रिक्षांच्या मागे वाघ काढले त्यानंच तो काढलेला असल्यामुळे त्याला पट्टे असायचे. खाली 'चायनिज', 'चायनीस' किंवा 'चाईनीज', जागा उरेल त्याप्रमाणे. मंचाव सूप, ट्रिपल शेजवान, आणि तळलेल्या नूडल्समध्ये कोबी कुस्करून केलेली ती लालभडक चायनीज भेळ, जी खाताना शर्टाचा खिसा झाकून घ्यावा लागतो. मला विचाराल तर मराठी माणसानं चीनला दिलेलं हे एकमेव उत्तर आहे आणि ते चीनला अजून समजलेलं नाही.

वाटेत गाडीत दाजींनी आम्हाला तयार केलं. नव्या हॉटेलला जाताना ते वाचून येतात. "मंच्युरियन हा पदार्थ मांचुरियात मिळत नाही, ठाऊक आहे का? तो मुंबईत झाला. नेल्सन वँग म्हणून कलकत्त्याचे चिनी गृहस्थ. १९७५ साली क्रिकेट क्लबात आचारी होते. कोणीतरी म्हणालं, काहीतरी नवीन द्या. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली. म्हणजे बघ, आपला नेहमीचा मसाला. पण पुढे गरम मसाला न घालता सोया सॉस ओतला, कॉर्नफ्लोअर लावलं. झालं मंच्युरियन."

"म्हणजे फोडणी आपलीच," ताई मागच्या सीटवरून म्हणाली.

"तेच सांगतोय. आज आपण अस्सल खाणार आहोत."

हॉटेलच्या दाराला झेंडूचं तोरण होतं, उंबऱ्यावर फोडलेल्या नारळाचं पाणी वाळून डाग पडला होता आणि चिनी कंदिलाखाली लिंबू-मिरची टांगलेली होती. आत गल्ल्यावर एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला पोट सुटलेला हसरा बुद्ध. दोघांची अंगयष्टी पाहता शेजार शोभत होता. मालक कपाळाला गंध लावून स्वतः उभे होते. दाजींनी माझ्याकडे पाहिलं: पहिली अट पूर्ण.

वेटर आला तो गळाबंद रेशमी अंगरख्यात, छातीवर दोऱ्याच्या गाठींची बटणं. दाजींनी त्याला इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, तो चीनच्या कुठल्या भागातला.

"मी लातूरचा, सर."

मेनूकार्डात मंच्युरियन नव्हतं. दाजींनी दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग चष्मा पुसून पाहिलं. गाडीत ज्याला चिनी मानायला ते तयार नव्हते त्याचाच विरह त्यांना सोसेना. "निदान गोबी?" त्यांनी हळूच विचारलं. गोबीही नव्हती. शेवटी सूप मागवलं, 'वन बाय थ्री'. लातूरच्या पोरानं डोळ्याची पापणी न हलवता ते लिहून घेतलं. पोरगं पुढे जाणार.

भात आला. दाजी काड्यांनी खायच्या हट्टाला पेटले. पहिला घास टेबलावर पडला, दुसरा मांडीवर, तिसऱ्याला त्यांनी बोटानं ढकलत तोंडापर्यंत आणलं, आणि मग दमून दोन्ही काड्या भाताच्या वाडग्यात उभ्या खोचून ठेवल्या. वेटर धावत आला आणि अदबीनं काढून आडव्या ठेवत म्हणाला, "असं खोचत नाहीत सर. शेफ सांगतात, तिकडं मेलेल्या माणसापुढच्या भातात उदबत्त्या लावतात तसं दिसतं."

"अहो!" ताई म्हणाली. तिला समजावून सांगावं लागलं नाही. केळ्यात खोचलेली उदबत्ती आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. त्यानंतर दाजी चमच्यानं जेवले.

मग तो पदार्थ आला. मापो टोफू. सेचुआन प्रांतातलं चेंगडू हे त्याचं माहेर. 'मापो' म्हणजे तोंडावर देवीचे वण असलेली म्हातारी. तिच्या खानावळीत तो झाला असं सांगतात. किती मोकळेपणा! आपल्याकडे एखाद्या पिठल्याला असं नाव दिलं असतं तर म्हातारीच्या नातवंडांनी मोर्चा काढला असता. वर लाल तेलाची साय, आत पांढऱ्या चौकोनी वड्या, आणि वरून भुरभुरलेली काळपट पूड.

दाजींनी मोठा घास घेतला. तिखटाला ते घाबरत नाहीत, साताऱ्याचे आहेत. पण हे तिखट नव्हतं. त्यांचा चेहरा प्रथम गंभीर झाला, मग लांबला. "जीभ," ते म्हणाले. पुढे ओठांवर बोट फिरवून ते जागेवर आहेत याची खात्री करून घेतली. "शॉक बसल्यासारखं होतंय. अरे, करंट आहे यात!"

इथे मला दाजींची बाजू घ्यायला हवी. त्या काळपट पुडीनं ओठांवर जी झिणझिणी येते तिची वारंवारता लंडनच्या संशोधकांनी २०१३ साली मोजली. ती निघाली ५० हर्ट्झच्या आसपास. आपल्या घरातली वीज बरोबर ५० हर्ट्झची असते. तेव्हा बिघडलेल्या गीझरचा अनुभव असलेल्या माणसानं याला करंट म्हटलं तर ते विज्ञानाला धरूनच आहे.

पण दाजींनी तेवढ्यावर थांबायचं ना! "अजिनोमोटो," त्यांनी निदान केलं. भारतीय माणसाला चायनीज खाऊन काहीही झालं, अगदी गाडीला पंक्चर झालं तरी, तो अजिनोमोटोवर ठपका ठेवतो. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी प्राध्यापकानं समुद्री शेवाळाच्या रश्शातून ती चव वेगळी काढली. तिची पावडर करणारी कंपनीही जपानची, आणि बदनाम झाले चिनी. तेच द्रव्य पिकलेल्या टोमॅटोतही असतं. पण आमट्यांत टोमॅटो पिळणाऱ्या घरांना हे सांगून काही उपयोग नसतो.

एवढा वेळ ताई काही बोलली नव्हती. तिनं एक घास खाल्ला होता आणि डोळे मिटले होते. दुसरा खाल्ला. मग चमच्याच्या टोकावर ती पूड घेऊन हुंगली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तिरफळ."

मलाही मघापासून काहीतरी आठवत होतं, पण सापडत नव्हतं. एकदम सापडलं. देवगडकडचं आमचं घर, मातीचं बुडकुलं, मिठाच्या पाण्यात ठेचलेली तिरफळं आणि उतरवताना त्यात पडणारा त्यांचा वास. बांगड्याच्या सारात तिरफळ नसेल तर आमची आजी ते ताट मांजराकडे सरकवायची.

"तिरफळ कसं असेल? हे अस्सल आहे," दाजी म्हणाले. त्यांच्या जिभेला आता शब्दही नीट सापडत नव्हते, त्यामुळे ते 'अह्ह्ल' असं ऐकू आलं.

दाजींचं आणि तिरफळाचं जुनं वैर आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच बांगड्यात त्यांच्या दाताखाली ते आलं आणि ते ओरडले होते, "आमटीत लाकूड का घालता तुम्ही लोक?" तेव्हापासून पंचवीस वर्षं ताईच्या डब्यातली तिरफळं तिच्या एकटीच्या वाटणीची आहेत.

ताईनं आचाऱ्याला बोलावून घेतलं. तो आला टोपी काढत, भेदरलेला. दुसरी अट पूर्ण. नेपाळच्या डोंगरातला माणूस. तिनं हिंदीत विचारलं, हे काय? तो म्हणाला, चिनी नाव अमुक, पण आमच्याकडे याचाच भाऊ असतो, टिमुर. काटेरी झाड, छोटी फळं, आतलं काळं बी टाकून द्यायचं आणि टरफल वापरायचं. ताई म्हणाली, आमच्याकडेही काटेरी झाड, बी टाकायचं, टरफल ठेवायचं. तिन्ही एकाच कुळातली भावंडं आहेत, वनस्पतिशास्त्रातही एकाच घराण्यात नोंदलेली. एक चीनला दिलं, एक नेपाळला, एक कोकणात. मग त्या दोघांचं असं काही जमलं की आधी भाजायचं की नाही, मासा कुठला, चटणीत चालतं का, अशा गप्पा वीस मिनिटं चालल्या. आयुष्यात पहिल्यांदा नव्या हॉटेलचा आचारी दाजींना सोडून दुसऱ्याच कोणाशी बोलत होता.

दाजी उठले आणि गल्ल्यावर गेले. मालकांशी काय बोलले ते मला अर्धवट ऐकू आलं. "वातावरण उत्तम... पण पुण्याचं गिऱ्हाईक... ते बधिर करणारं जरा... आणि एक मंच्युरियन ठेवा हो, लहान मुलांसाठी..." मालक वहीत लिहून घेत होते. पहिल्या आठवड्यात मालक सगळं लिहून घेतात.

दीड महिन्यानं आम्ही पुन्हा गेलो. दाजींच्या नियमात दुसरी खेप बसत नाही, पण ताईला गावाहून नव्या तिरफळांची पुडी आली होती आणि ती त्या आचाऱ्याला द्यायची होती. तोरण वाळलं होतं. गल्ल्यावर कोणी वेगळाच पोरगा मोबाइल बघत बसला होता. लातूरचा वेटर मात्र आता साध्या शर्टात होता आणि त्याच्या हाताखाली दोघे होते. मेनूकार्ड जाड झालं होतं: गोबी मंच्युरियन, पनीर चिली, ट्रिपल शेजवान, जैन मापो टोफू. नेपाळी आचारी काम सोडून गेला होता.

आम्ही मापो टोफू मागवला, जैन नसलेला. आला तो गोडसर, घट्ट, लाल, वर भरपूर पातीचा कांदा. टोमॅटो सॉसचा वास येत होता. दाजींनी एक घास खाल्ला, चमचा खाली ठेवला, ओठांवर बोट फिरवलं. ओठ जागेवर होते.

"पूर्वीचं राहिलं नाही," ते म्हणाले.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेलं आहे, पण दरवेळी त्यात एक समाधान असायचं. या खेपेला ते नव्हतं. मी मालकाच्या वहीचा विषय काढणार होतो, पण ताईनं टेबलाखालून पाय दाबला. मग तिनं पर्समधून ती पुडी काढली, दोन तिरफळं चमच्याच्या पाठीनं बशीत चिरडली, बी काढून टाकलं आणि टरफलाचा चुरा स्वतःच्या टोफूवर टाकून जेवायला लागली.

दाजींनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर कुठल्यातरी गाळ्याचं नवं कोरं धुराडं चढत होतं, चांगलं जाड. त्याकडेच बघत, आमच्याकडे मुळीच न बघता, त्यांनी आपली बशी ताईपुढे सरकवली.