मोजतेय ना मी!

विणणाऱ्या बाईशी बोलू नये. बोललातच, तर उत्तराची आशा धरू नये. आमच्या मावशीला "चहा टाकू का?" विचारलं की ती म्हणते, "एक्केचाळीस." काकांनी एकदा कपाटाशी झटत विचारलं, "हे कुलूप उघडत का नाही गं?" उत्तर आलं, "दोन सुलट, दोन उलट." काका बिचारे बराच वेळ किल्ली तशी फिरवत बसले होते.

या दुर्लक्षाला वैतागून इतिहासात एका माणसाने टोकाचं पाऊल उचललं. विल्यम ली, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमशायरमधल्या कॅल्व्हर्टन गावचा पाद्री. आख्यायिका अशी की, लग्नाच्या आशेने तो जिच्या घरी खेटे घालायचा, ती मोजे विणण्यातून मान वर करायची नाही. दुसरा कुणी असता तर कविता करून मोकळा झाला असता. याने १५८९ साली मोजे विणायचं यंत्रच केलं. हातातल्या सुया एका वेळी एकच टाका घालतात. लीने प्रत्येक टाक्याला स्वतंत्र आकडेदार सुई दिली, आणि अख्खी ओळ एका दमात विणली जाऊ लागली. पण एलिझाबेथ राणीने पेटंट द्यायला नकार दिला. मोजे विणून पोट भरणाऱ्या गोरगरिबांनी काय करायचं, असं ती म्हणाली म्हणे. लीने फ्रान्स गाठलं. तिथल्या चौथ्या हेन्री राजाने आसरा दिला, तर १६१० साली त्याचाच खून झाला. ली परदेशातच वारला. ती मुलगी, माझी खात्री आहे, तोवर टाचेपर्यंत आली असेल.

खरं तर प्रकार साधा दिसतो. सुईवरच्या फासातून लोकर ओढून नवा फास काढायचा आणि जुना सोडून द्यायचा. उलट टाका म्हणजे सुलट टाक्याचीच पाठ. मागावरच्या कापडात धागे उभे-आडवे ताठ बसलेले असतात. इथे मात्र ताण आला की प्रत्येक फास शेजारच्याला थोडा धागा उसना देतो. म्हणून तर मोजा टाचेवरून चढतो. शेजारधर्माची दुसरी बाजू अशी, की एक टाका निसटला की त्याच्या खालचा सुटतो, मग त्याच्याही खालचा, आणि बघता बघता शिडी तयार. हे नेमकं दाराची बेल वाजल्यावर घडतं. मग मावशी चष्मा सरसावून, क्रोशाच्या सुईने तो टाका एकेक पायरी वर चढवते, आणि प्रत्येक पायरीला कुरियरवाल्याचा उद्धार होतो.

विणलेल्या कपड्यांच्या नावांच्या बाबतीत लष्करी इतिहास तर फारच मजेदार. २५ ऑक्टोबर १८५४, क्रायमियातलं बालाक्लावा. ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड रॅगलन यांच्या हुकमाचा घोळ झाला आणि लॉर्ड कार्डिगन आपलं घोडदळ घेऊन थेट रशियन तोफांच्या तोंडी गेले. चढाई फसली, माणसं हकनाक मेली. नावं मात्र कपाटात जाऊन बसली. रॅगलनच्या नावाची बाही, कार्डिगनच्या नावाचा पुढून उघडा स्वेटर, आणि बालाक्लावाच्या नावाची ती फक्त तोंड उघडं ठेवणारी टोपी. म्हणजे आपली माकडटोपी! डिसेंबरात सारसबागेत फिरायला येणाऱ्या एका आजोबांना मी हे सगळं सांगितलं. टोपीमुळे त्यांना ऐकू आलं नाही.

विणणारी आपल्याकडे बघत नाही, आणि जग विणणारीकडे बघत नाही. याचा फायदा १९४४ साली फिलिस लातूर या ब्रिटिश हेर तरुणीने उठवला. जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्मंडीत साबण विकणारी पोर बनून ती हिंडायची. सांकेतिक खुणा रेशमी कापडावर लिहिलेल्या. ते कापड विणायच्या सुईला गुंडाळायचं आणि केस बांधायच्या फितीत लपवायचं. विणकाम कायम सोबत असे. झडती झाली तरी जर्मनांना काही सापडलं नाही. सापडणार कसं? झडतीला बाईच होती, पण जर्मन लष्करातली. आपल्या लोकलच्या लेडीज डब्यातली एखादी पाठवली असती, तर तिने आधी विणकाम हातात घेऊन उलटसुलट केलं असतं, आणि मग विचारलं असतं, "काय गं, सोमवारी पण एवढंच होतं ना?"