अर्ध्या पुतळ्यापासून अश्वारूढ पुतळ्यापर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून शिवाजी विद्यापीठात जाणे ही भूगोलाच्या दृष्टीने शहरांतर्गत हालचाल असली, तरी पेठेच्या व्यवहारात तिची गणना परदेशगमनात होते. अंबाबाईचे देऊळ, रंकाळा आणि गांधी मैदान यांच्या पलीकडे जे काही आहे, ते पेठेच्या मते ‘लांब’ या एकाच प्रदेशात मोडते. आणि 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले, ते विद्यापीठ तर शहराच्या पूर्वेला, सागरमाळावर, म्हणजे लांबच्याही टोकाला आहे. पेठेत निवृत्ती चौकात शिवाजी महाराजांचा अर्धा पुतळा आहे, विद्यापीठात मुख्य इमारतीसमोर अश्वारूढ पुतळा आहे, आणि या दोहोंमधले अंतर हाच प्रस्तुत प्रवासवर्णनाचा विषय होय.

विद्यापीठात ग्रंथ, कला आणि सीमाभागाची संस्कृती यांचा महोत्सव होता. सीमाभाग म्हणजे 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तत्कालीन म्हैसूर राज्यात गेलेला बेळगाव, निपाणी, कारवार वगैरे मराठी भाषकांचा पट्टा, ज्यातील 865 गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे. महोत्सवातील चर्चासत्रात ‘वेळ उरल्यास’ बोलण्यासाठी ज्याला निमंत्रण होते, तो प्रवासी पेठेतच जन्मलेला, गुडघे दुखत असतानाही स्वतःला क्षेत्र-संशोधक म्हणवणारा असा गृहस्थ असून, त्याचे लेखन वाचल्याचे सांगणारा माणूस पेठेत अद्याप आढळलेला नाही.

महोत्सवाचा प्रारंभ ग्रंथदिंडीने, म्हणजे ग्रंथ पालखीत ठेवून टाळमृदंगाच्या गजरात काढायच्या मिरवणुकीने होणार होता, आणि प्रत्येकाने घरून ग्रंथ आणावा अशी सूचना होती. इतरांनी कवितासंग्रह आणले असते; पण विद्वत्तेचे वजन किलोत मोजले जाते अशी श्रद्धा असल्यामुळे प्रवाशाने दोन शब्दकोश निवडले. पहिला ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी मोल्सवर्थ याचा मराठी-इंग्रजी कोश, जो 1831 मध्ये निघाला आणि 1857 मध्ये वाढवून पुन्हा छापला गेला. दुसरा जर्मन मिशनरी फर्डिनांड किटेल याचा 1894 चा कन्नड-इंग्रजी कोश. दोन्ही अलीकडच्या पुनर्मुद्रणातले असले, तरी वजनाच्या बाबतीत मूळ आवृत्तीशी प्रामाणिक होते. ग्रंथ बासनात, म्हणजे पोथ्या गुंडाळण्याच्या चौकोनी फडक्यात, बांधून न्यावेत या शास्त्रोक्त आग्रहापायी कपाटातून जे कापड हाती आले ते अर्धे पिवळे आणि अर्धे लाल होते. ते बहुधा कुणाच्या तरी ओटीसोबत आलेले असावे.

येथून पुढे विद्यापीठ मागे पडते आणि कट्टा सुरू होतो. कट्टा ही पेठेतील अशी संस्था आहे की जिला घटना नाही, निवडणूक नाही, पण जिच्यासमोरून पिशवी घेऊन जाणाऱ्यास पिशवीत काय आहे हे सांगावे लागते. बासन दिसताच तेथून पृच्छा झाली, “ह्यो झेंडा कुणाचा, मर्दा?” कर्नाटकात जागोजागी फडकणारा ध्वज याच दोन रंगांचा, वर पिवळा व खाली लाल, आणि ते रंगही हळदीकुंकवाचेच मानले जातात, असा खुलासा प्रवाशाने तत्परतेने केला, त्यामुळे वादाला आधी जे केवळ निमित्त होते त्याला आता पुरावा मिळाला. चहा मागवला गेला. सीमाप्रश्नी 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगाच्या पुढल्या वर्षीच्या अहवालाची ज्यांनी पाने पाहिली नव्हती त्यांनी त्यातील त्रुटी सांगितल्या. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल दोघांनी परस्परविरुद्ध देऊन टाकला. आणि 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका कोल्हापूरला मिळाला, तसा उरलेला जिल्हाही मिळवण्याची योजना एका ज्येष्ठांनी टेबलावर चहाच्या थेंबांनी आखून दाखवली. प्रवाशासाठी थांबलेला रिक्षावाला निघून गेला. कुणीतरी बासन सोडले आणि किटेलचा कोश उघडताच कानडी अक्षरे दिसून कट्टा गंभीर झाला.

“आता ह्ये वाचतंय कोण?” हा प्रश्न वस्तुतः आरोप होता, कारण तो प्रवाशाकडे रोखून विचारला गेला होता, आणि कन्नड साहित्यावर अधिकारवाणीने लिहिणाऱ्या प्रवाशास कन्नड लिपी येत नाही, ही बाब त्याने आजवर कोणत्याही तळटीपेत येऊ दिलेली नव्हती.

त्या वेळी समोरच्या दारातून, ओटीच्या रंगांचे बासन उघड्यावर टाकलेले पाहून, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन एक वृद्ध बाई आल्या. त्यांनी कुणासही न विचारता ग्रंथाला हळदकुंकू वाहिले, पान जवळ धरले आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचू लागल्या. माहेर संकेश्वरकडचे, शाळा दुसरीपर्यंत, कानडी, लग्नानंतर पेठेत. “आमच्या शाळंत हीच अक्षरं हुती,” एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढची ओळ लावू लागल्या. आपल्या सासूला ही लिपी येते हे दारात उभ्या सुनेला, जिचे केस आता पांढरे होत आले आहेत, त्या दिवशी प्रथम समजले. कट्ट्यावर कुणी काही बोलले नाही. आणि अर्धे आयुष्य एका अंगणात वावरलेल्या बाईला तिला काय वाचता येते हे कधी कुणी विचारले नव्हते, याचा राग नेमका कुणावर काढावा हे प्रवाशास ठरवता आले नाही.

महोत्सवात तो पोहोचला तेव्हा दिंडी संपली होती. दालने उत्तम होती, वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय पाहण्याजोगे आहे, आवारात मोर आहेत. चर्चासत्रात दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पुन्हा शाल आणि परिचयाचाही परिचय यांत सीमाभागाच्या वाट्याची दुपार खर्ची पडली, आणि वेळ उरला नाही.

सबब प्रवाशाचे न झालेले भाषण येथे नोंदवणे भाग आहे. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले, त्यामागे उत्तर कानड्यातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँ यांची गायकी त्यांचे पुत्र मंजी खाँ यांच्याकडून धारवाडकडच्या मल्लिकार्जुन मन्सूर यांनी घेतली. ज्यांची मातृभाषा मराठी त्या द. रा. बेंद्रे यांना कन्नड कवितेसाठी 1973 चे ज्ञानपीठ मिळाले, आणि 1974 चे कोल्हापूरच्या खांडेकरांना. भाषण एवढेच होते. शालीपेक्षा ते कमी वेळात आटोपले असते.

किटेलचा कोश मात्र विद्यापीठापर्यंत गेलाच नाही. बाईंचे पान पुरे व्हायचे होते म्हणून तो कट्ट्यावर राहिला, आणि तेव्हापासून तेथे रोज सायंकाळी त्यांच्याकडून अक्षरे शिकणारी मंडळी, ज्यांत चहाच्या थेंबांनी जिल्हा जिंकणारे ज्येष्ठही आहेत, तो परत देण्यास नकार देत आहेत. मालकीचा पुरावा म्हणून प्रवाशाने खरेदीची पावती दाखवली. कट्ट्याने ग्रंथावरील हळदकुंकू दाखवले. प्रवाशाचा दावा दाखल करून घेण्यात आला असून सुनावणीची तारीख अद्याप पडलेली नाही.